इलेक्ट्रॉनला थंड व्हायची एवढी घाई का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘बघा ना’ जास्त झालं होतं ते थोडं कापलंय. बाकी बरंचसं तसंच आहे.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याने विचारलं होतं, “टीव्हीच्या खोक्यावर क्वांटम डॉट लिहिलेलं असतं. त्यात खरंच काही असतं, की नुसतं भारी नाव?” उत्तर सोपं आहे : खरंच असतं. पण हे उत्तर शोधताना मला त्याहून मजेशीर गोष्ट सापडली. टीव्हीत जे बारीक कण रंग चमकवतात, त्याच कणांवर सोलरवाल्यांचाही कितीतरी वर्षं डोळा आहे. आणि कणांचा जो गुण टीव्हीला हवाहवासा वाटतो, तोच सोलरच्या मुळावर येतो. तो गुण म्हणजे आतला इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने थंड होणं. किती वेगाने? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा दहा लाख करा. साधारण तेवढ्या वेळात.

मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला आहे, भौतिकशास्त्रज्ञ नाही. पण मी जालना जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे विजेची वाट बघत रात्री मोटर चालू करायला जाणं काय असतं ते घरोघरी माहीत आहे, आणि आता शेतात सोलर पंपाच्या पाट्या उभ्या राहताना दिसतात. त्यामुळे सूर्याची ऊर्जा नेमकी कुठे वाया जाते, हा माझ्यासाठी फक्त पुस्तकातला प्रश्न नाही.

पाटीवर पडलेलं ऊन जातं कुठे?

पाच एचपीच्या पंपाला साधारण पाच हजार वॉटच्या पाट्या लागतात. बाजारात मिळणारी चांगली सिलिकॉनची पाटी उन्हातल्या ऊर्जेपैकी २० ते २३ टक्के ऊर्जेची वीज करते. म्हणजे पाचातला जेमतेम एक भाग आपला. उरलेले चार?

काही भाग सिलिकॉनला पकडताच येत नाही. १,१०० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगाचा इन्फ्रारेड प्रकाश त्याच्या कामाचा नाही. हे नुकसान ढोबळमानाने पाचव्या हिश्श्याचं. दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे, जवळजवळ एक तृतीयांश, आणि आजचा विषय तोच आहे.

प्रकाश पाकिटा-पाकिटांनी येतो, त्या पाकिटाला फोटॉन म्हणतात. निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये साधारण २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला जागचं उठवून मोकळं करायला लागते फक्त १.१२. या किमान ऊर्जेला बँड गॅप म्हणतात. मग वरचे १.६४ कुठे गेले? समजा रिक्षाचं भाडं ११२ रुपये आहे, तुम्ही २७६ दिले आणि रिक्षावाला म्हणाला, “सुट्टे नाहीत.” तसंच होतं. वरची रक्कम इलेक्ट्रॉनला मिळते खरी, पण तो ती क्षणात उधळून टाकतो. पदार्थातले अणू त्याने थरथरतात, आणि अणूंची थरथर म्हणजेच उष्णता. पाटी तापते.

आणि तापलेली पाटी आणखी नुकसान करते. पाटीवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. त्याच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉनची वीज साधारण ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्यात पाटी ६५ अंशांवर गेली तर ४० अंशांचा फरक, म्हणजे जवळपास १४ टक्के घट. पाच हजार वॉटमधले सातशे वॉट तिथेच गेले. आता कळलं ना, कडक उन्हात पंप अपेक्षेपेक्षा कमी पाणी का फेकतो?

तापलेला इलेक्ट्रॉन, पण चटका नाही

जास्तीची ऊर्जा घेऊन फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला ‘हॉट’ म्हणजे तापलेला म्हणतात. त्याची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगायची तर आकडा हजारो अंशांवर जातो. मग पाटी वितळत का नाही?

फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडर चालताना बघा. उडणारी ठिणगी हजार अंशांच्या घरात असते, पण हातावर पडली तर बारीक चिमटा बसल्यासारखं वाटतं. ठिणगी खूप तापलेली असते, पण इवलीशी असते. तापलेले इलेक्ट्रॉनही तसेच. ते मोजके, आजूबाजूचे थंड अणू अगणित.

इलेक्ट्रॉन ही ऊर्जा अणूंना सुट्ट्या हप्त्यांत देतो. अणूंच्या सामूहिक थरथरीच्या एका हप्त्याला फोनॉन म्हणतात. एक फोनॉन दिला, एक पायरी उतरला. दुसरा दिला, आणखी एक. असं करत तो बँड गॅपच्या काठावर, म्हणजे आपल्या सगळ्यात खालच्या जागेवर येऊन बसतो. यालाच चार्ज कॅरियर कूलिंग म्हणतात. यात वेळ जातो एखादा पिकोसेकंद, कधी त्याहूनही कमी.

पिकोसेकंद म्हणजे किती?

तुमच्या फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला ९६० फ्रेम असतील, तर एका फ्रेममध्ये शंभर कोटींहून जास्त पिकोसेकंद मावतात. फोनचा प्रोसेसर तीन गिगाहर्ट्झचा असेल तर त्याची एक टिक ३३३ पिकोसेकंदांची. म्हणजे प्रोसेसर एकदा डोळा मिचकावेपर्यंत इलेक्ट्रॉन तीनशे वेळा थंड होऊन मोकळा. अजून एक हिशेब सांगतो : एका सेकंदापुढे एक पिकोसेकंद जेवढा छोटा, तेवढाच सुमारे ३१,७०० वर्षांपुढे एक सेकंद छोटा.

मग हे मोजलं कसं?

इतकं वेगवान घड्याळ इलेक्ट्रॉनिक्सने बनत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशालाच घड्याळ करतात. पद्धतीचं नाव पंप-प्रोब. आपल्याकडे पंप म्हटलं की विहीर आठवते, पण इथला पंप म्हणजे लेसरचा एक अतिलहान झटका, शंभरेक फेम्टोसेकंदांचा. एका पिकोसेकंदात हजार फेम्टोसेकंद असतात. हा पहिला झटका इलेक्ट्रॉनला वर उडवतो. मागोमाग दुसरा, कमजोर झटका येतो आणि आत काय चाललंय ते तपासतो. तो प्रोब.

दोघांमधलं अंतर आरशाने ठरवतात. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की जाण्यायेण्याचा रस्ता ०.३ मिलिमीटरने वाढतो आणि प्रोब बरोब्बर एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. आरसा थोडा-थोडा सरकवायचा, प्रत्येक ठिकाणी मोजायचं, आणि सगळे फोटो जोडून सिनेमा करायचा.

आता इलेक्ट्रॉन खाली आला हे कळतं कसं? एसटीतल्या सीटसारखं. सगळ्यात खालची जागा रिकामी असेल तर कण त्या ठराविक रंगाचा प्रकाश शोषून घेतो. तिथे आधीच इलेक्ट्रॉन येऊन बसला असेल तर शोषण कमी होतं. शोषण कमी व्हायला जितका वेळ लागला, तितका वेळ इलेक्ट्रॉनला थंड व्हायला लागला. अशा फेम्टोसेकंद तंत्राने रासायनिक क्रिया बघण्यासाठी अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

क्वांटम डॉट : पायऱ्या काढलेली बारव

आता मूळ कणाकडे. क्वांटम डॉट म्हणजे सेमीकंडक्टरचा काही नॅनोमीटरचा स्फटिक. कॅडमियम सेलेनाइड हे नेहमीचं उदाहरण. दोनेक नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो, सहाएक नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला की रंग बदलतो. अलेक्सी एकिमोव आणि लुई ब्रूस यांनी हे कण १९८० च्या दशकात ओळखले. मूंजी बावेंडी यांनी १९९३ मध्ये ते एकसारख्या आकाराचे बनवायची पद्धत दिली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इतक्या छोट्या डब्यात कोंडल्यावर इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही. ठरलेल्याच पातळ्या मिळतात, आणि त्या एकमेकींपासून लांब असतात. मराठवाड्यातली जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. पायऱ्या जवळजवळ असल्या की लहान पोरगंही झपझप खाली उतरतं. मधल्या आठ-नऊ पायऱ्या काढून टाकल्या तर? वर अडकून पडेल.

इथेही तसंच. कॅडमियम सेलेनाइडमध्ये एका फोनॉनची ऊर्जा साधारण २६ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कणातल्या पहिल्या दोन पातळ्यांमधलं अंतर दोनशे-तीनशेच्या घरात. खाली यायचं तर एकाच वेळी दहाएक फोनॉन द्यावे लागतील, आणि असा योग दुर्मीळ. म्हणून शास्त्रज्ञांचा अंदाज होता की क्वांटम डॉटमध्ये इलेक्ट्रॉन बराच वेळ तापलेलाच राहील. याला फोनॉन बॉटलनेक म्हणतात.

सोलरवाल्यांना ही आनंदाची बातमी होती. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं होतं की एका पदार्थाच्या साध्या सोलर सेलला कार्यक्षमतेची मर्यादा असते. आजच्या हिशेबाने ती साधारण ३३ टक्के. पण १९८२ मध्ये रॉस आणि नोझिक यांनी गणित मांडलं की इलेक्ट्रॉन थंड व्हायच्या आतच बाहेर काढता आला, तर कागदावरची मर्यादा ६६ टक्क्यांपर्यंत जाते. थोडक्यात, तवा तापलेला आहे तोवर पोळी भाजून घ्या. आणि तवा जास्त वेळ तापलेला ठेवायला क्वांटम डॉट हे योग्य भांडं वाटत होतं.

मोंढ्यातले दोन हमाल

प्रत्यक्ष मोजल्यावर मात्र निराशा झाली. १९९८ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत क्लिमॉव्ह आणि मॅकब्रँच यांनी कॅडमियम सेलेनाइडचे कण तपासले. इलेक्ट्रॉन एका पिकोसेकंदाच्या आत खाली! आणि कण जितका लहान, तितका वेग जास्त. अंदाज होता नेमका उलटा.

पायऱ्या नसताना तो उतरला कसा? जालन्याच्या मोंढ्यात जाऊन बघा. एक हमाल ट्रकवर उभा आहे, पाठीवर पोतं. खाली उतरायला पायरी नाही. पण बाजूला दुसरा हमाल जवळजवळ पायऱ्यांच्या जिन्यावर उभा आहे. पहिला पोतं त्याच्या पाठीवर टाकतो आणि मोकळा होतो. दुसरा पोतं घेऊन पायऱ्या-पायऱ्यांनी आरामात खाली.

हा दुसरा हमाल म्हणजे होल. इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर त्याच्या मागे जी रिकामी जागा राहते ती होल, आणि ती धन भारासारखी वागते. या कणांमध्ये होलच्या पातळ्या दाटीवाटीच्या असतात, त्यामुळे त्याला फोनॉन देत उतरायला काहीच अडचण नाही. इलेक्ट्रॉन आपली जास्तीची ऊर्जा एका फटक्यात होलला देऊन टाकतो. याला ऑगर पद्धतीची देवाणघेवाण म्हणतात, आणि एफ्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती सैद्धांतिकदृष्ट्या मांडली होती. लहान कणात वेग का वाढतो हेही आता कळतं. खोली जितकी छोटी, तितके दोन्ही हमाल जवळ, आणि पोतं तितकं पटकन हातोहात.

हमालांना वेगळं करा

एकदा चोरवाट कळली की ती बंद कशी करायची हेही सुचतं. इलेक्ट्रॉन आणि होल यांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं.

त्यासाठी एका पदार्थाचा गाभा आणि त्यावर दुसऱ्या पदार्थाचं कवच असा कण बनवतात. उदाहरणार्थ, आत कॅडमियम टेल्युराइड, बाहेर कॅडमियम सेलेनाइड. होल गाभ्यात रमतो, इलेक्ट्रॉन कवचात जातो. अशा रचनेला टाइप-टू म्हणतात.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेन्द्र नाथ घोष यांच्या गटाने वर्षानुवर्षं फेम्टोसेकंद लेसर वापरून अशा गाभा-कवच कणांमधले इलेक्ट्रॉन आणि होल कसे वेगळे होतात, त्यांच्या थंड होण्यावर काय परिणाम होतो, हे मोजलं. पुण्याच्या आयसरमध्ये पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाच्या नॅनोकणांवर काम झालं. तिथल्या पंकज मंडल आणि अंशुमान नाग यांच्या गटांनी २०१६ मध्ये टेराहर्ट्झ तंत्राने या कणांमध्ये विद्युतभार किती सहज फिरतात ते दाखवलं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग शिकागोचा. २००८ मध्ये अंशू पांडे आणि फिलिप गियो-सिओने यांनी एकावर एक कवचं चढवून कण बनवले. होल दूर ठेवला. कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेले रेणूही ऊर्जा ओढून घेतात, त्यांनाही लांब ठेवलं. इलेक्ट्रॉन थंड व्हायला लागलेला वेळ एका नॅनोसेकंदाच्या वर गेला, म्हणजे हजार पिकोसेकंदांहून जास्त. फोनॉन बॉटलनेक खरंच अस्तित्वात आहे, फक्त चोरवाटा बुजवाव्या लागतात, हे सिद्ध झालं. हेच अंशू पांडे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

टीव्हीला मात्र घाईच हवी

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. दुकानातल्या क्यूएलईडी टीव्हीत मागे निळे एलईडी असतात आणि पुढे क्वांटम डॉटची फिल्म. निळा प्रकाश कणावर पडतो, कण लाल किंवा हिरवा प्रकाश देतो. लाल कणाचा हिशेब बघा : आत आले २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बाहेर गेले साधारण १.९७. मधली ऊर्जा थंड होण्यात गेली.

इथे हे नुकसान कामाचं आहे. प्रकाश बाहेर टाकायला कण साधारण वीसेक नॅनोसेकंद घेतो, म्हणजे वीस हजार पिकोसेकंद. थंड व्हायला एखादा. त्यामुळे प्रकाश निघतो तेव्हा झाडून सगळे इलेक्ट्रॉन खालच्या जागेवर बसलेले असतात. सगळे एकाच पातळीवरून उडी मारतात, म्हणून रंग एकच आणि स्वच्छ. इलेक्ट्रॉन वाटेत रेंगाळले असते तर प्रत्येकाची उडी वेगळी आणि रंग गढूळ. म्हणजे टीव्हीच्या खोक्यावरचं नाव पोकळ नाही, आणि त्या लाल रंगामागे हीच पिकोसेकंदाची घाई आहे.

मग आपल्या शेतात कधी?

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला रेस कंडिशन म्हणतो, तसं हे आहे. दोन गोष्टी एकाच वेळी धावतात : इलेक्ट्रॉन थंड होणं, आणि त्याला तारेत ओढून घेणं. सोलरमध्ये दुसरी आधी पोचली पाहिजे. साध्या सिलिकॉन सेलमधून भार बाहेर यायला मायक्रोसेकंदही लागू शकतात, म्हणजे लाखो पिकोसेकंद. शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली.

थंड होणं लांबवलं तरी पेच सुटत नाही. ज्या जाड कवचांमुळे इलेक्ट्रॉन तापलेला राहतो, तीच कवचं त्याला बाहेर काढताना भिंत होतात. शिवाय तो बाहेरच्या धातूत गेल्यावर तिथे थंड झाला, तर काय मिळवलं? ठराविक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनलाच वाट देणारं दार बनवावं लागतं. संपूर्ण सेलमध्ये हे सगळं एकत्र जमवणं अजून प्रयोगशाळेतलंच काम आहे.

एक आडवाट मात्र चालते हे दिसलंय. तापलेल्या इलेक्ट्रॉनने जास्तीची ऊर्जा उधळायच्या आत दुसरा इलेक्ट्रॉन उठवायचा. एका फोटॉनमध्ये दोन! २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत लेड सेलेनाइडच्या डॉटपासून बनवलेल्या सेलने हे करून दाखवलं. काही जास्त ऊर्जेच्या रंगांना, पडलेल्या दर शंभर फोटॉनमागे ११४ पर्यंत इलेक्ट्रॉन बाहेर आले. संपूर्ण उन्हाचा हिशेब धरला तर क्वांटम डॉट सेल अजून सिलिकॉनच्या मागेच आहेत, आणि शिसं-कॅडमियमचा विषारीपणा हा वेगळा प्रश्न आहेच.

म्हणून एक कामाची गोष्ट. उद्या कुणी गावात येऊन म्हणाला, “ही क्वांटम पाटी आहे, साठ टक्के वीज देते,” तर ६६ टक्के ही १९८२ ची कागदावरची मर्यादा आहे, हे त्याला सांगा आणि चहा पाजून पाठवून द्या. आज पंपासाठी घ्यायची ती सिलिकॉनचीच पाटी. तिच्या माहितीपत्रकात तापमानाचा गुणांक लिहिलेला असतो. –०.३० आणि –०.४० मधला फरक आपल्या मे महिन्यात चार टक्के वीज आहे. आणि पाट्यांखालून वारा खेळता राहू द्या. तापलेल्या इलेक्ट्रॉनचं आपण आज काही करू शकत नाही, तापलेल्या पाटीचं करू शकतो.

आणि जे अकरावी-बारावीला आहेत त्यांच्यासाठी : हे कण बनवणं हे मुळात रसायनशास्त्राचं काम आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा मराठवाडा कॅम्पस जालन्यातच आहे. ट्रॉम्बे आणि पुण्याची नावं वर आलीच. इलेक्ट्रॉनला वाटेत कसं थांबवायचं हे आता माहीत आहे. थांबलेल्याला थंड न होऊ देता बाहेर कसं काढायचं, हे कुणीतरी अजून शोधायचंय.

पुढच्या भागात बॅटरीबद्दल बोलू : फोन फास्ट चार्ज होताना नक्की काय तापतं? प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू!